तात्यांचं मुरलेलं डिझेल

घरमालक पहिल्या भेटीत भाडेकरूला काय काय विचारतात, याचा मला बऱ्यापैकी अनुभव होता. गाव कोणतं, जात कोणती, लग्न झालंय का, रात्री किती वाजता परत येणार. तात्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, पुढ्यात सूपभर तांदूळ, असे ते ओसरीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी एक दाणा उचलून दाढेखाली कटकन फोडला, त्याची चव घेतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं वय किती?"

"पस्तीस."

"मग ऱ्हावा. पंचविशीचं असता तर खोली दिली नसती. कच्ची मानसं आमी ठेवत न्हाई."

मी मूळचा बार्शीचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात डिस्पॅचला कारकून म्हणून लागलो, पण पिरंगुटला खोली मिळेना. मिळे तिथे आधीच पाचजण आणि सगळ्यांत मिळून एक मोरी. कंपनीची बस पौडच्या पुढच्या गावांतून कामगार गोळा करत यायची, तेव्हा मीही खोली शोधत त्या रस्त्याने सरकत सरकत शेवटी धरणाच्या पाण्याला जाऊन टेकलो. पाण्याच्या अलीकडचं शेवटचं घर तात्यांचं होतं. घराशेजारी त्यांनी पत्र्याच्या खोल्यांची ओळ काढली होती आणि त्यात माझ्यासारखी पिकलेली माणसं ठेवली होती.

तात्यांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत संपायचं: "मुरू दे." मुळशीकडच्या भातवाल्या माणसाला जुन्या तांदळाची महती सांगायला नको. नवा तांदूळ गिचका होतो, जुना मोकळा शिजतो, पाहुण्याला जुनाच वाढायचा. इथपर्यंत सगळं गाव तात्यांच्या बाजूने होतं. पण तात्या तांदळापाशी थांबले नाहीत. तांदळाला जे लागू ते तुपाला, गुळाला, मधाला, चिंचेला. आणि चिंचेवरून त्यांनी थेट सिमेंटवर उडी मारली. आमच्या खोल्यांपुढच्या पायऱ्या म्हणजे तात्यांनी मुरत ठेवलेली सिमेंटची पोती होती. वरचा कागद पावसात गळून गेला आणि आतला धोंडा उरला. तात्या त्या धोंड्यावर उभे राहून म्हणायचे, "बघा, किती पक्कं झालंय."

एकदा माझं डोकं दुखत होतं म्हणून त्यांनी फळीवरच्या डब्यातून गोळी काढून दिली. पाकिटावरच्या तारखेप्रमाणे ती गोळी केव्हाच वारली होती. मी तारीख दाखवली. तात्यांनी पाकीट लांब धरून नीट वाचलं आणि मला परत दिलं.

"ही कंपनीची तारीख. कंपनीला नवं खपवायचं आसतंय. गोळी खरी आत्ता तयार झालीया."

काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत असायच्या. त्या मला म्हणाल्या, "ह्यांनी लगीन पन मुरत ठेवलं हुतं. माजा बाप येऊन उंबऱ्यात बसला, तवा उटले." यावर तात्या हसले नाहीत. मुरलं म्हणूनच टिकलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

या माणसाला वेळीच कोणीतरी तोंडघशी पाडायला हवं होतं, पण झालं उलटंच. लवासाच्या बाजूला मोठं काहीतरी उभं राहणार म्हटल्यावर आमच्याकडेही जमिनीचे एजंट फिरायला लागले. गावातल्या लोकांनी भराभर विकून टाकलं. तात्या ओसरीवरून हलले नाहीत. "मुरू दे," म्हणाले. आणि जमीन खरंच मुरली. ज्यांनी घाई केली ते हात चोळत बसले, आणि तात्यांनी पाण्याकाठचा एक पट्टा पुण्याच्या एका डॉक्टरांना असा विकला की गावातले लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. एखाद्या माणसाचं चुकीचं मत एकदा बरोबर ठरलं की त्याच्याशी बोलण्यात अर्थ उरत नाही. तात्यांशी तर आधीही नव्हता.

त्या पैशातून तात्यांनी लाँच घेतली. धरणाच्या फुगवट्यावर कोणीतरी सुरू करून बंद पाडलेल्या बोटक्लबची ती जुनी लाँच होती. लोखंडी बूड, वर पत्र्याचं छत, दोन्ही कडांना बाकं, मध्ये खोक्याखाली डिझेलचं इंजिन. एक हंगाम त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांना पाण्यावर फिरवलं. मग कोणीतरी परवाना मागितला. परवान्याचं प्रकरण तात्यांनी अर्थातच मुरत ठेवलं आणि लाँच ओढून काठावर, करंजाच्या झाडाखाली निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. टाकीत अर्धं डिझेल होतं. शिवाय भाव वाढणार अशी हूल उठली तेव्हा भरून ठेवलेली दोन पिंपं परसात उभी होती.

डिझेल ठेवण्याची तात्यांची पद्धत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून सांगतो. टाकी त्यांनी मुद्दाम अर्धी ठेवली होती. "लोनच्याची बरनी कुनी काठोकाठ भरतंय व्हय? मुरायला जागा लागती." पिंपांची पत्र्याची बुचं काढून तोंडाला फडक्याचा दादरा बांधला होता, आतल्या मालाला श्वास घेता यावा म्हणून. आणि तांदळाच्या कणगीत टाकतात तसे प्रत्येक पिंपात चार बिब्बे टाकले होते, किडा लागू नये म्हणून. मुळशीचा पाऊस कसा असतो हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. पावसाळाभर आमच्या खोल्यांत चामड्याच्या पट्ट्याला पांढरी बुरशी यायची आणि काड्यापेटी उशीखाली ठेवावी लागायची. त्या हवेत ते डिझेल दादऱ्यातून श्वास घेत उभं राहिलं. एक नाही, ओळीने तीन पावसाळे.

आता नानांविषयी. नाना हे तात्यांचे चुलतभाऊ आणि गावचे सरपंच. आधी नानांचे वडील सरपंच होते, मग नाना झाले. तात्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ग्रामपंचायतीतली नानांची खुर्ची. बाकी सगळं त्यांनी मुरू दिलं, पण ही एक इच्छा त्यांना मुरू देता येत नव्हती. झेंडावंदनाला नाना दोरी ओढायचे तेव्हा तात्या मागच्या रांगेत उभे राहून आकाशाकडे बघायचे. मी एकदा शेजारीच होतो. त्यांची मूठ दोरी धरल्यासारखी खालवर होत होती. त्या वेळी मला त्यांची थट्टा सुचली नाही.

निवडणूक लागली आणि तात्यांनी नानांच्याच वॉर्डात नानांसमोर फॉर्म भरला. नाना सदस्य म्हणूनच पडले तर सरपंच कसले होणार, असा तो सरळ हिशेब होता. वॉर्डात अर्धं गाव होतं आणि पाण्यापलीकडची एक वाडी होती. मतदान गावच्या शाळेत. वाडीला रस्ता नव्हता. पाण्याला वळसा घालून चालत यायचं तर सगळा दिवस मोडायचा. नानांकडे रामा नावाच्या कोळ्याची वल्ह्याची होडी होती, ती डुगडुगत थोडी थोडी माणसं आणायची. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "लाँच काढा."

आमच्याकडचा एक रिवाज इथे सांगायला हवा. मतदाराच्या मनात काय आहे ते कोणी विचारत नाही. तो कोणाच्या गाडीतून उतरला ते बघतात. ज्याच्या जीपमधून उतरला त्याचा तो माणूस. काठावर दोन्ही पक्षांची पोरंटोरं हे बघायलाच उभी असतात. म्हणजे वाडी तात्यांच्या लाँचमधून उतरली की वाडी तात्यांची. बटण दाबणं हा नंतरचा सोपस्कार, असं तात्यांचं मत होतं.

इंजिन बघायला पिरंगुटहून बाळू मिस्त्री आला. हा ट्रकवाल्यांचा मिस्त्री. एक इंजिन उघडताना गेल्या दहा इंजिनांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणारा आणि प्रत्येक गोष्टीत मालकाला मूर्ख ठरवणारा. त्याने टाकीच्या तळाचा नट सैल केला आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढून उन्हात धरलं. तळाला बोटभर पाणी, त्यावर शेवाळासारखा काळा थर, आणि त्याच्यावर चहाच्या रंगाचं डिझेल. वास जुन्या रॉकेलचा आणि कुजक्या पाल्याचा.

"तात्या, हे मेलंय," बाळू म्हणाला. "सगळं काढा. टाकी धुवा, पायपी फुंका, दोन्ही फिल्टर बदला आन् पौडच्या पंपावरनं नवं भरा. न्हाय तर पाण्यात नेऊन बुडवील तुमाला."

"खाली पानी हाय म्हनतोस?"

"हाय म्हंजे? दिसतंय की."

"आरं, हितं पावसात मानसाच्या हाडात पानी शिरतंय. टाकीचं काय घिऊन बसलास?" तात्यांनी बाटली हातात घेतली आणि प्रेमाने हलवली. "आन् ह्यो काळा थर न्हवं, कस हाय. तुपाची बेरी बघितलीस का कधी? तशी बेरी बसलीया."

बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. भाडेकरूने अशा वेळी तेच करायचं असतं. शेवटी तडजोड झाली. तळाचं पाणी तेवढं सोडायचं, फिल्टर नवा घालायचा, टाकीतलं डिझेल तसंच ठेवायचं. जाताना बाळूने आणखी एक नवा फिल्टर आणि पाच लिटर ताज्या डिझेलचा कॅन तात्यांच्या हातात ठेवला. "लाँचमधी ठेवा. मधी बंद पडली तर फिल्टर बदला, नळी ह्या कॅनात घाला, हातपंपानं हवा काढा आन् देवाचं नाव घ्या." हवा कशी काढायची ते त्याने तात्यांकडून दोनदा करवून घेतलं. तात्या हुशार होते. हात लगेच बसला.

चाचणीच्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. नारळ फुटला, लाँचने काळ्या धुराचा एक लोट सोडला, खोकली, आणि चालली. चांगली चालली. तात्यांनी पाण्यावर एक मोठी फेरी मारली आणि उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज ऐकला का बार्शीवाले? मुरल्याला आवाज हाय." खरं म्हणजे पाणी शांत होतं, टाकीतल्या वरच्या थरातलं बरं डिझेल चाललं होतं आणि तळातली बेरी तळातच झोपली होती. पण ही अक्कल मला नंतर आली. त्या दिवशी मीही टाळ्याच वाजवल्या.

मतदान रविवारी होतं. माझं मत बार्शीला, मला सुट्टी, म्हणून तात्यांनी मला मतदारांच्या चिठ्ठ्या वाचायला बरोबर घेतलं. सकाळी निघायच्या आधी टाकी भरायची होती. तात्यांनी परसातल्या पिंपाचा दादरा सोडला, वेळूची एक लांब काठी आत घातली आणि ढवळायला सुरुवात केली.

"तात्या, हे काय?"

"कस सगळा तळाला बसलाय. आमटी वाढायच्या आदी पळी खालवर करत्यात का न्हाई?"

तीन पावसाळ्यांचा गाळ, पाणी आणि बिब्ब्यांचे अवशेष असं सगळं त्यांनी छान एकजीव केलं आणि फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते डिझेल हाय का काळा मसाला?" तात्यांनी टाकीचं झाकण लावलं.

वाडीवर आम्ही सकाळीच पोहोचलो. नाष्ट्याला पोहे होते, दुपारी मटण. लोक लवकर निघायची घाई करत होते आणि तात्या त्यांना बसवून ठेवत होते. "सकाळी नेलं तर नाना दुपारपत्तूर फोडील. शेवटच्या तासाला न्यायचं, डायरेक बटनावर. आन् समद्यांनी एका खेपंत. गावाला दिसलं पायजे, वाडी येतीया म्हनून." मतदान संपायची वेळ साडेपाचची. आम्ही चारच्या पुढे निघालो. लाँच गच्च भरली होती. म्हाताऱ्यांनी धुतलेल्या टोप्या घातल्या होत्या, बायकांनी ठेवणीतली लुगडी. पुढच्या बाकावर भागूबाई बसली होती, वाडीतली सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई. तिने आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं आणि हे ती दर दहा मिनिटांनी सांगत होती.

दुपारचा वारा सुटला होता. पाण्याला लाटा आल्या, लाँच डोलायला लागली आणि टाकीतला मसाला पुन्हा एकदा खालवर झाला. पाण्याच्या बरोबर मध्यावर इंजिनाचा आवाज चढला, उतरला, चढला, पांढरा धूर आला आणि सगळं शांत झालं. फक्त लाटांचा चबक चबक आवाज. तात्यांनी खोक्याचं झाकण उघडलं आणि फिल्टरची वाटी सोडवली. आत काळाकुट्ट लिबलिबीत गोळा होता, खरवडून काढावा लागेल असा.

"तात्या, ह्यो काय काला केलाय?" भागूबाई म्हणाली.

"काय न्हाई. पाच मिन्टं."

"मिस्त्रीनं दिलेला फिल्टर कुठे आहे? आणि तो कॅन?" मी विचारलं.

"त्यो व्हय..." तात्यांनी बाकाखाली हात घातला. एवढ्यात भागूबाई शेजारणीला म्हणाली, आणि तिचा आवाज असा की पुढच्या बाकावरचं बोलणं मागच्या बाकाला घरपोच मिळायचं, "बया, येळ ग्येला तर काय करायचं? नानानं रस्ता कबूल केलाय. आपली समद्यांची मतं पडाया पायजेत बाई, तरच त्यो करील." दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. एक म्हातारा तिला गप्प राहायची खूण करत होता. मला वाटलं, म्हातारीला जागेचं भान नाही. मी तात्यांकडे पाहिलं. ते खाली वाकलेले होते, चेहरा दिसत नव्हता. जरा वेळाने त्यांनी रिकामा हात बाहेर काढला.

"फिल्टर घरीच राह्यला, कॅन पन," ते म्हणाले आणि त्याच बाकावर जाऊन बसले.

मग त्यांनी जुनाच फिल्टर फडक्याने पुसायला घेतला. इतक्या निगुतीने पुसला, की देवघरातली मूर्ती असावी. बसवला, हातपंप मारला, इंजिन खोकून गप्प झालं. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. मला त्यांची कीव आली. तेवढ्यात रामा कोळ्याची होडी जवळ आली. त्याने लांबूनच हाक दिली, "तात्या, चार-पाच, चार-पाच करून नेतो की! दोन खेपा तरी व्हतील!" भागूबाईने लुगडं आवरलं आणि उठली.

"खाली बस!" तात्या कडाडले. "कुनी हलायचं न्हाई. लाँच कलंडली तर पोहाया येतंय का कुनाला? मानसांचा जीव म्हत्त्वाचा हाय. आन् नानाच्या होडीत माजी मानसं बसायची न्हाईत!"

ते उभे होते, हात काळे, टोपी कपाळावर आलेली, आणि त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती झाली नाही. रामा काही वेळ वल्हं धरून थांबला आणि गेला. सूर्य डोंगराकडे उतरला. गावच्या काठावरची माणसं दिसत होती, ती हात हलवत होती. भागूबाई आधी तात्यांना शिव्या देत होती, मग इंजिनाला, मग देवाला, आणि साडेपाच वाजल्याचं मी सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. त्या बाईचं ते रडणं मला अजून आठवतं. नंतर रामानेच दोर टाकून आम्हाला ओढत काठावर नेलं, आणि तिथे नाना स्वतः चहा घेऊन उभे होते. "आरं तात्या, आवाज द्यायचास की," ते म्हणाले. तात्यांनी तो चहा घेतला.

निकालात तात्या पडले. पडले ते थोड्या मतांनी. लाँचमध्ये जेवढी माणसं बसली होती त्यापेक्षाही कमी मतांनी. गावभर झालं, तात्या डिझेलने पडले. तात्या दोन दिवस ओसरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांचा धर्म बदललेला होता. आता जुन्या डिझेलसारखा वैरी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोणाच्या दारात वापराविना पडलेला ट्रॅक्टर, जनरेटर, पाण्याचा पंप दिसला की तात्या आत शिरायचे. "टाकीत कवाचं हाय? काढ आदी. तळाचं बाटलीत धर, उन्हात बघ. आर्धी टाकी ठिवू नगं, पानी धरती. बूच घट लाव. लाँच भरून मतं हुती माजी, ह्या डिझेलनं घालवली." बाळू मिस्त्रीची सगळी वाक्यं ते स्वतःची म्हणून सांगायचे, आणि बाळूपेक्षा चांगली सांगायचे. लोक हळहळायचे, चहा करायचे. आमच्या भागात आजही पावसाळ्याआधी टाकीचा तळ बघतात, ही तात्यांची पुण्याई. पिंपांतलं उरलेलं डिझेल त्यांनी वाळवी लागू नये म्हणून आमच्या खोल्यांच्या वाशांना फासलं. वाळवी गेली आणि मागोमाग दोन भाडेकरूही गेले.

मी टिकलो, पण पुढे बदली होऊन पुण्याला आलो. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात काकूंचा निरोप आला की तात्यांचं काही खरं नाही, भेटून जा. तात्या ओसरीवरच होते, पण आता खाटेवर. पोटात पाणी झालं होतं आणि हातापायांच्या काड्या. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "दुखनं लई मुरू दिलं." आणि हसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून त्या निवडणुकीचा विषय काढला. म्हटलं, तो फिल्टर घरी राहिला नसता तर तुम्ही सरपंच झाला असता.

तात्यांनी काकू आत आहेत का ते पाहिलं. मग म्हणाले, "फिल्टर बाकाखालीच हुता. कॅन पन. मी वर बसलो हुतो."

मला कळेना. "मग बदलला का नाही?"

"भागू काय म्हनली ते ऐकलं न्हाईस का? समदी वाडी नानाची हुती. माजं पोहं खाल्लं, माजं मटान खाल्लं, माज्या लाँचमधी बसली, आन् बटन नानाचं दाबाया निगाली." ते थांबले, दम खाल्ला. "लाँच बंद पाडली डिझेलनं. बंद ठेवली मी."

मला राग आला, खूप आला. खाटेवरच्या माणसावर रागावू नये हे कळत असूनही आला. भागूबाईचा तोंडाला लावलेला पदर डोळ्यांपुढे होता. मी म्हणालो, "एवढं करून पडलातच की तात्या. नानांची एवढी मतं पाण्यावर अडकवून ठेवलीत, तरी."

"व्हय की," तात्या म्हणाले. "गावानं बी दिली न्हाईत, ते मला कुटं ठावं? वाडी पोचली आसती तर डबल मार बसला आसता."

"मग इतकी वर्षं त्या डिझेलला कशाला शिव्या घातल्या?"

"मानसं नगं म्हनली, ह्ये सांगाया जीभ उचलत न्हाई. डिझेलनं दगा दिला म्हनलं, की लोकं बस म्हनत्यात, च्या पाजत्यात." मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता. "वाडीला सांगू नगंस."

मी सांगणार नाही म्हणालो. पावसाळा लागायच्या आत तात्या गेले.

दहाव्याला मी गेलो होतो. पाण्याकाठी सगळं गाव होतं, नाना होते, बाळू मिस्त्रीसुद्धा पिरंगुटहून आला होता. वाडीची माणसं रामाच्या होडीने आली, कारण नानांनी कबूल केलेला रस्ता काही झाला नव्हता. भागूबाईला दोघींनी धरून उतरवलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लई मोटा मानूस. समदी वाडी त्यालाच मत देनार हुती बगा. एक न् एक मत त्याचं हुतं. त्या मेल्या डिझेलनं घात केला, न्हाई तर तात्या सरपंच झाला आसता."

मागे बसलेल्या वाडीच्या बायकांनी माना हलवल्या. म्हाताऱ्यांनीही हलवल्या. भागूबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "नक्की झाले असते."